कोल्हापुरात बदली झाली आणि बॅगेत रोल आहेत

कोल्हापुरात आल्यावर पहिल्याच आठवड्यात मी सात फोटो स्टुडिओ पालथे घातले. सातही ठिकाणी कॅमेऱ्याच्या रोलसाठी एकच प्रश्न विचारला, ‘तुमच्याकडे फिल्म मिळते का?’ एकाने लॅमिनेशनच्या फिल्मचा गठ्ठा काउंटरवर ठेवून ‘किती मायक्रॉनची देऊ?’ म्हणून विचारलं. दुसऱ्याने जवळच्या थिएटरचा रस्ता दाखवला. तिसऱ्याने मोबाइलचा स्क्रीनगार्ड लावून द्यायची तयारी दाखवली. आठव्या दुकानात गल्ल्यावरच्या काकांनी मात्र माझ्या गळ्यातला कॅमेरा बघितला, चष्मा कपाळावर सरकवला आणि म्हणाले, ‘रोलचा हाय व्हय? लई दिसानं बघाय मिळाला. बसा की.’

मी तासभर बसले. नंतरच्या तीन वर्षांत मला इथे जे जे सापडलं, त्याचं एक टोक त्या तासात आहे. गावात रोलचं दुकान शोधू नका, रोलवर पोट भरलेला माणूस शोधा. तो सापडला की रसायन, दुरुस्ती, रोल धुण्याचे जुने टँक, निगेटिव्हवरून मोठी कॉपी काढायचा धूळ खात पडलेला एनलार्जर, सगळं त्याच्या मागोमाग येतं. कोल्हापूर नोकरीनिमित्त, शिक्षणासाठी किंवा लग्न होऊन आलेल्या आणि कॅमेऱ्यात अजून रोल भरणाऱ्या लोकांसाठी मी हे लिहिते आहे. सोलापूर, नांदेड किंवा रत्नागिरीत असाल तर गल्ल्यांची नावं बदला, रीत तीच.

निघण्याआधी

कॅमेऱ्यात अर्धवट रोल ठेवून सामान हलवू नका. ट्रकमधल्या खोक्यात कॅमेऱ्याचं झाकण उघडलं तर उरलेला रोल तर जातोच, काढलेले फोटोही जातात. उरलेल्या सात-आठ फ्रेममध्ये रिकाम्या घराचे फोटो काढा. पुढे तेच फोटो जास्त जवळचे वाटतात.

जुन्या गावातल्या रोल धुणाऱ्या लॅबशी नातं तोडू नका. निघताना तिथे तीन गोष्टी विचारून घ्या: कुरियरने पाठवलेला रोल घेता का, स्कॅन ऑनलाइन पाठवता का, आणि निगेटिव्ह किती दिवस सांभाळून ठेवता. मी ठाण्याहून आले. या तीन उत्तरांवर माझं पहिलं वर्ष निघालं.

विमानाने येणार असाल तर रोल चेक-इन सामानात अजिबात टाकू नका. पारदर्शक पिशवीत हातात ठेवा आणि हाताने तपासायची विनंती करा. काही विमानतळांवर आता सीटी पद्धतीची यंत्रं आली आहेत, त्यातून एकदा गेला तरी न धुतलेला रोल धुरकट होऊ शकतो. जुन्या पद्धतीच्या एक्स-रे यंत्रातून दोनशे-चारशे आयएसओचा (रोल प्रकाशाला किती संवेदनशील आहे त्याचा आकडा) रोल एक-दोनदा गेला तर सहसा काही बिघडत नाही. सगळ्यात निर्धास्त म्हणजे ट्रेन नाहीतर एसटी.

काय विचारायचं आणि कोणाला

‘फिल्म’ हा शब्द सोडून द्या. ‘काका, रोल धुऊन मिळतो का?’ असं विचारा. जुन्या स्टुडिओवाल्यांची भाषा हीच आहे: रोल भरणे, रोल धुणे, कॉपी काढणे. या शब्दांनी चेहरे उजळतात. समोर पंचविशीतला मुलगा असेल तर ‘बाबा किंवा काका कधी येतात दुकानात?’ हे विचारा आणि त्या वेळी परत जा. लग्नाच्या अल्बमच्या नव्या चकचकीत दुकानांपेक्षा महाद्वार रोड, भाऊसिंगजी रोडच्या बाजूची जुनी, अरुंद दुकानं आधी बघा. पाटी हाताने रंगवलेली आणि काचेत पासपोर्ट फोटोंचे नमुने पिवळे पडलेले असतील तर खुशाल आत शिरा.

काउंटरवर बाई असतील तर त्यांनाही विचारा. माझी सगळ्यात उपयोगी माहिती एका स्टुडिओवाल्या वहिनींनी दिली. ‘थांबा, मी बघतो आत,’ म्हणून त्या गेल्या (इथल्या बायका ‘मी येतो, मी बघतो’ म्हणतात, पहिल्या महिन्यात मी दर वेळी दचकायचे) आणि माळ्यावरून एक पेटी घेऊन आल्या. त्यात दोन स्टीलचे टँक, थर्मामीटर, रोलच्या रिकाम्या डब्या आणि मुदत संपलेले चार रोल होते. डब्यांपैकी एकीत हळद होती.

असे मुदत संपलेले रोल मिळाले तर घ्या, पण महत्त्वाच्या फोटोंसाठी नको. ढोबळ हिशेब असा की मुदत संपून जितकी दशकं झाली तितके स्टॉप जास्त प्रकाश द्यायचा, एक स्टॉप म्हणजे दुप्पट प्रकाश. तेही रोल गार जागी होता यावर अवलंबून. कोल्हापूरच्या माळ्यावर एप्रिल-मे काढलेला रोल गार जागी होता असं म्हणता येत नाही.

कोणी ‘हो, धुतो की’ म्हणालं तर लगेच रोल काढून देऊ नका. आधी विचारा: ‘शेवटचा रोल कधी धुतला होता?’ रंगीत निगेटिव्हच्या रसायनाला, म्हणजे सी-४१ प्रक्रियेला, रोजचं काम लागतं. यंत्रात रोज रोल जात असतील तर रसायन ताजं राहतं. महिन्याला दोन जात असतील तर ते पडून पडून मरतं आणि फोटोंवर भलताच रंग चढतो. वर त्याचं तापमान ३७.८ अंशांवर धरावं लागतं आणि डेव्हलपरमध्ये, म्हणजे फोटो उमटवणाऱ्या रसायनात, रोल सव्वातीन मिनिटं राहतो. तिथे अंशा-दोन अंशांचा फरक दिसतो. त्यामुळे ‘आठवड्याला पाच-सहा येतात’ हे उत्तर ‘करून देतो, काळजी करू नका’पेक्षा शंभर पटींनी चांगलं.

आणखी तीन प्रश्न: तुम्ही इथेच धुता की बाहेरगावी पाठवता? निगेटिव्ह परत देता ना? आणि कापता कशी? हा शेवटचा प्रश्न मी पहिल्या वेळी विचारला नाही. एका ठिकाणी रोल दिला, ‘आठ दिवसांत’ म्हणाले, पाच आठवड्यांनी मिळाला. तो कुठल्या तरी दुसऱ्या गावाला जाऊन आला होता आणि पट्ट्या बरोबर फ्रेमच्या मधोमध कापलेल्या. रंकाळ्यावरची संध्याकाळ, डावा अर्धा एका पट्टीत, उजवा दुसऱ्या. तेव्हापासून मी चिठ्ठीवर ‘निगेटिव्ह कापू नये, अखंड गुंडाळून द्यावी’ असं लिहून देते आणि घरी स्वतः कापते.

पहिला रोल चाचणीचा

नव्या लॅबला पहिला रोल भाच्याच्या बारशाचा देऊ नका. चोवीस-छत्तीस फ्रेम साध्या गोष्टींच्या काढा: पांढरी भिंत, सावलीतला चेहरा, भर उन्हातली भवानी मंडपाची कमान, संध्याकाळचा पंचगंगा घाट. प्रत्येक फ्रेमसाठी शटरचा वेग आणि लेन्सच्या भोकाचं माप, म्हणजे अ‍ॅपर्चर वहीत लिहा. परत आल्यावर आधी स्कॅन बघू नका, निगेटिव्ह खिडकीसमोर धरा. कडेचे आकडे आणि कंपनीचं नाव ठळक असेल तर धुण्यात खोट नाही. ती अक्षरं कारखान्यातच उमटवलेली असतात, तुमच्या कॅमेऱ्याचा त्यात हात नसतो. अक्षरं ठळक आणि फोटो फिके असतील तर चूक तुमची किंवा कॅमेऱ्याची. दोन्ही फिके असतील तर रसायन थकलेलं. या एका गोष्टीने अर्धी भांडणं वाचतात.

काळा-पांढरा रोल रंगीत लॅबमध्ये कधी देऊ नका. सी-४१ च्या ब्लीच आणि फिक्सर या पुढच्या रसायनांमध्ये त्याची चांदीची प्रतिमा सगळी धुऊन जाते आणि हातात कोरी पट्टी येते. याला अपवाद इल्फर्डचा एक्सपी-२ सुपर, तो काळा-पांढरा असूनही मुद्दाम सी-४१ साठी बनवलेला आहे. आणि सिनेमाच्या मोठ्या रिळातून भरलेले स्वस्त रोल वापरत असाल तर ते लॅबला आधी सांगा. त्यातल्या बऱ्याच रोलच्या पाठीवर काजळीसारखा काळा थर असतो, तो यंत्रात सुटला तर पुढच्या दहा जणांचे रोल खराब होतात. न सांगता देणं म्हणजे शेजाऱ्याच्या विहिरीत कचरा टाकणं.

रंगीत रोल बाहेरगावी

माझा आता ठरलेला नियम आहे: काळा-पांढरा घरी, रंगीत बाहेर. पुणे रस्त्याने साधारण सव्वादोनशे किलोमीटर आहे आणि कुरियर बहुधा दुसऱ्या दिवशी पोचतं. पाच-सहा रोल साठवून एकदम पाठवते, म्हणजे खर्च विभागतो. प्रत्येक रोल त्याच्या डबीत, डबीवर कागदी चिकटपट्टी, पट्टीवर क्रमांक आणि रोल त्याच्या आयएसओपेक्षा वाढवून काढला असेल तर ‘४०० चा ८०० वर’ असा शेरा. पाकिटात छापील चिठ्ठी: किती रोल, काय करायचं, निगेटिव्ह परत कुठल्या पत्त्यावर. फोनवर सांगितलेलं कोणाच्या लक्षात राहत नाही. बंद करण्याआधी सगळ्याचा मोबाइलवर एक फोटो. साठवायचे म्हणून सहा महिने मात्र ठेवू नका. काढलेली पण न धुतलेली प्रतिमा उष्णतेने हळूहळू मावळते.

नवे रोल मागवायचे किंवा हाताळून कॅमेरा घ्यायचा तर मी वर्षातून दोनदा मुंबईला जाते. कोल्हापूरकरांच्या हाती इथे एक हुकमाचं पान आहे: महालक्ष्मी एक्स्प्रेस. रात्री इथून बसायचं, सकाळी सीएसएमटी. स्टेशनसमोरचा रस्ता ओलांडला की बोरा बाजार आणि फोर्टमधली कॅमेऱ्यांची दुकानं. ती अकराच्या आसपास उघडतात, तोवर इराण्याकडे चहा. संध्याकाळी त्याच गाडीने परत. दुकानं चार-पाच तरी फिरा, कारण एकाच रोलचा भाव दुकानागणिक बदलतो. रंगीत रोल आता हजाराच्या आगेमागे पडतो, तेव्हा पन्नास-शंभरांची घासाघीस दहा रोलमागे वसूल होते. डब्याची मुदत बघा आणि रोल कुठे ठेवले होते तेही बघा. काचेच्या शोकेसमध्ये उन्हात मांडलेले रोल घेऊ नका.

चोर बाजार, म्हणजे मटन स्ट्रीट, तिथून फार लांब नाही. शुक्रवारी तिथली नेहमीची दुकानं बंद असतात. यशिका एमएफ-२, झेनिट, पेंटॅक्स के-१०००, पाटी पुसलेले आग्फाचे बॉक्स कॅमेरे, असं बरंच दिसतं. घेण्याआधी मागचं झाकण उघडा, लेन्समधून आरपार ट्यूबलाइटकडे बघा. कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे दिसले तर बुरशी, ठेवून द्या. मग शटर एका सेकंदावर, तिसांशावर आणि हजारांशावर टाकून कानाने ऐका. हळू वेगांना ‘कुर्रर्र’ असा एकसारखा आवाज यायला हवा. मध्येच अडखळला तर आतलं वंगण वाळलंय.

काळा-पांढरा घरी

इथे मी रेंगाळणार आहे, कारण लहान गावात हाच एकमेव मार्ग पूर्णपणे आपल्या हातात असतो. शिवाय लोक उगीच घाबरतात. सायपाकघरात इडलीचं पीठ जमवणाऱ्याला हे जमतं.

लागतं काय? प्रकाश न शिरणारा टँक, त्यातलं रीळ, थर्मामीटर, मोजपात्र आणि तीन बाटल्या. रोल टँकमध्ये भरताना तेवढा पूर्ण अंधार हवा. काळी पिशवी नसेल तर रात्री न्हाणीघरात जा, दाराच्या फटीला गोधडी लावा, दिवा घालवून पाच मिनिटं नुसतं बसा. डोळे सरावले की कुठून उजेड येतोय ते आपोआप कळतं. गीझरचा लाल दिवा विसरू नका, मी विसरले होते. आधी वाया गेलेल्या एका रोलवर उजेडात, मग डोळे मिटून, दहा-वीस वेळा रीळ भरायचा सराव करा.

टँकचं झाकण लागलं की बाकी सगळं उजेडात: आधी डेव्हलपर, मग फिक्सर, शेवटी पाणी. डेव्हलपर तयार पावडरीत मिळतो, पण कोल्हापुरासारख्या कॉलेजांच्या गावात शाळा-कॉलेजांना रसायनं पुरवणारी सायंटिफिक दुकानं असतात, तिथून सुटी रसायनं घेऊनही बनवता येतो. डी-७६ हा जुना, सर्वांना माहीत असलेला नुस्खा चार वस्तूंचा आहे. एक लिटरला मेटॉल २ ग्रॅम, सोडियम सल्फाइट १०० ग्रॅम, हायड्रोक्विनोन ५ ग्रॅम आणि बोरॅक्स २ ग्रॅम. पाऊण लिटर कोमट पाण्यात याच क्रमाने, एक पूर्ण विरघळल्यावर दुसरं, मग पाणी घालून लिटर पूर्ण. दुकानात ‘सल्फाइट’ म्हणून दोनदा बजावा. सल्फेट किंवा सल्फाइड हातात पडलं तर काम होणार नाही. हातमोजे घाला, मेटॉलने काहींच्या त्वचेला त्रास होतो. आणि घरात मुलं असतील तर बाटल्या कुलपात.

इल्फर्डचा एचपी-५ प्लस हा काळा-पांढरा रोल या डी-७६ मध्ये न पातळ करता, २० अंशांना साडेसात मिनिटं. पहिली दहा सेकंद टँक उलटासुलटा करा, मग दर मिनिटाला दहा सेकंद. तालमीत लाल मातीतली कुस्ती काढायची असेल तर उजेड कमीच असतो. तेव्हा मी हाच रोल १६०० वर काढते आणि चौदा मिनिटं धुते. कण मोठे दिसतात, पण घामावर आणि मातीवर ते शोभतात.

२० अंश ही मात्र इथली खरी अडचण. मे महिन्यात नळाचं पाणीच तीसच्या घरात असतं. परातीत पाणी घ्या, त्यात बर्फ, आणि त्यात रसायनांच्या बाटल्या अर्धा तास उभ्या करा. बर्फ रसायनात नाही, परातीत. धुण्याचं पाणीही त्याच तापमानाच्या आसपास ठेवा. गार डेव्हलपरमधून एकदम गरम पाण्यात गेला तर रोलवरचा थर सुरकुततो.

फिक्सरसाठी, म्हणजे उमटलेला फोटो पक्का करणाऱ्या रसायनासाठी, मला बरीच पायपीट करावी लागली, म्हणून नीट सांगते. साधा फिक्सर म्हणजे हायपो, सोडियम थायोसल्फेट. तो सायंटिफिक दुकानात मिळतो आणि माशांच्या टाक्या विकणाऱ्या दुकानातही, कारण पाण्यातलं क्लोरीन मारायला तोच वापरतात. मला तो पहिल्यांदा गप्पी माशांच्या शेजारीच मिळाला. लिटरला साधारण २५० ग्रॅम खडे. विरघळताना पाणी एकदम गार पडतं, म्हणून गरम पाण्यापासून सुरुवात करा. दुसरी जागा मिरज. पन्नासेक किलोमीटरवर, दवाखान्यांचं गाव. एक्स-रेचं सामान पुरवणाऱ्या दुकानांत विचारून बघा. आता बहुतेक काम डिजिटल झालंय, पण जिथे अजून ओले, म्हणजे रसायनात धुतलेले, एक्स-रे निघतात तिथे लागणारा फिक्सर काळ्या-पांढऱ्या रोललाही चालतो आणि साध्या हायपोपेक्षा लवकर काम करतो. एक्स-रेचा डेव्हलपर मात्र घेऊ नका, तो आपल्या रोलला फार तिखट.

फिक्सर किती वेळ? पुस्तक बघू नका, चाचणी घ्या. रोल भरताना कापलेलं जीभेसारखं टोक जपून ठेवा. वाटीत फिक्सर घ्या, टोक त्यात टाका, घड्याळ लावा. आधी ते दुधी, जांभळट असतं. मग हळूहळू निवळतं आणि वाटीच्या तळाची नक्षी आरपार दिसायला लागते. तो क्षण मोजा. समजा तीन मिनिटं लागली, तर रोलला किमान सहा मिनिटं द्या. साध्या हायपोत मी तिप्पट देते. दर वेळी ही चाचणी करा. ताज्या फिक्सरच्या दुप्पट वेळ लागायला लागला की तो संपला.

संपलेला फिक्सर मोरीत ओतू नका. त्यात चांदी उतरलेली असते, आणि आपली मोरी शेवटी पंचगंगेलाच जाते. मी कॅनमध्ये साठवते. पूर्वी लॅब आणि एक्स-रे सेंटरमधून असा वापरलेला फिक्सर चांदी काढणारे विकत न्यायचे. जुन्या स्टुडिओवाल्यांना असा माणूस माहीत असतो.

डेव्हलपर अजिबात मिळालाच नाही तर कॅफिनॉल, म्हणजे कॉफीचा डेव्हलपर. लिटरला निर्जल धुण्याचा सोडा ५४ ग्रॅम, व्हिटॅमिन सी १६ ग्रॅम आणि इन्स्टंट कॉफी ४० ग्रॅम. २० अंशांना पंधरा मिनिटं. दोन खाचखळगे आहेत आणि मी दोन्हीत पडले. एक, कॉफी चिकोरी मिसळलेली नको, निखळ इन्स्टंट हवी. स्वस्तातली चालते, उलट रोबस्टा बरी. मी घरातली चिकोरीवाली वापरली आणि रोल इतका फिका आला की पंचगंगेला धुकं पडलंय असं वाटावं. दुसरं, किराणा दुकानातला धुण्याचा सोडा कधीकधी खड्यांचा, पाणी धरलेला असतो. तो असेल तर ५४ नाही, जवळजवळ १४५ ग्रॅम लागतो. खाण्याचा सोडा वेगळा, तो थेट चालत नाही. आणि वास? घरच्यांना बाहेर जेवायला पाठवा.

शेवटचं पाणी महत्त्वाचं. जुलै-ऑगस्टमध्ये नळाला गढूळ पाणी येतं आणि त्यातले बारीक कण वाळताना रोलवर चिकटतात. शेवटची खळबळ आरओच्या किंवा गाळून घेतलेल्या पाण्यात द्या. वाळवायला न्हाणीघर, आधी गरम पाणी सोडून वाफ केलेलं, म्हणजे धूळ खाली बसते. वर एक चिमटा, खाली वजनाला दोन. पंखा बंद.

स्कॅनर लगेच घेऊ नका. ट्रेसिंगसाठी मिळणारा एलईडी पॅड, त्यावर निगेटिव्ह आणि वर डिजिटल कॅमेरा सरळ खाली बघणारा. एवढ्यावर माझं काम चालतं.

कॅमेरा बिघडला तर

जुन्या कॅमेऱ्याची निम्मी दुखणी बॅटरी आणि उजेड अडवणारा फोम यांची असतात. साठ-सत्तरच्या दशकांतल्या बऱ्याच कॅमेऱ्यांना पाऱ्याची पीएक्स-६२५ बॅटरी लागायची, ती आता मिळत नाही. कानाच्या यंत्राची ६७५ नंबरची झिंक-एअर बॅटरी तिच्या जागी चालते, व्होल्टेज जवळपास तेच. व्यास लहान, म्हणून भोवती रबराची रिंग घाला. श्रवणयंत्रांच्या दुकानात पान भरून मिळते. मागच्या दारातला फोम डांबरासारखा चिकट झाला असेल तर स्पिरिटने खरवडून काढा, त्या जागी काळी लोकर किंवा पातळ फोम. घड्याळ दुरुस्त करणाऱ्या जुन्या कारागिराकडे बारीक स्क्रूड्रायव्हर आणि सवयीचा हात दोन्ही असतात. शटर उघडायला देऊ नका, पण अडकलेला स्क्रू तोच काढतो.

आणि मग उद्यमनगर, इथली कारखान्यांची वसाहत. माझ्याकडे आजोबांचा जर्मन फोल्डिंग कॅमेरा आहे, त्याचं ट्रायपॉडचं भोक आताच्या स्क्रूपेक्षा मोठं. शिवाजी उद्यमनगरात एका लेथवर गेले. लेथवाल्या मामांनी कॅमेरा हातात घेतला, व्हर्नियर लावला. ‘हे तीन सुती हाय. तुमचं स्टँड दोन सुती. मधी बुश बसवाय लागंल.’ एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. मग स्टँडच्या स्क्रूवर नख फिरवून म्हणाले, ‘इंचाला वीस आटे.’ बरोबर होतं, पाव इंच, वीस आटे. वीस मिनिटांत पितळेचा बुश, म्हणजे मधली कडी, कातून दिला, आतून पाव इंच, बाहेरून तीन-अष्टमांश. पैसे विचारले तर म्हणाले, ‘चहा पाजा.’ ऑनलाइन हाच बुश किरकोळ पैशांत मिळतो, ते मला नंतर कळलं. पण त्यांनी कॅमेऱ्याचा भाता उघडबंद करत ‘बाबूराव पेंटरांनी हितंच कॅमेरा बनवला हुता,’ हे ज्या थाटात सांगितलं, ते त्या पाकिटात आलं नसतं.

माणसं

मामांची बढाई पोकळ नाही. बाबूराव आणि आनंदराव पेंटर या नात्यातल्या भावांनी कोल्हापुरात सिनेमाचा कॅमेरा घडवायला घेतला. १९१६ मध्ये आनंदराव गेले, बाबूरावांनी तो पुरा केला आणि महाराष्ट्र फिल्म कंपनी उभी राहिली. तिचा ‘सैरंध्री’ हा सिनेमा १९२० चा. व्ही. शांताराम, दामले, फत्तेलाल तिथेच शिकले. त्यांनीच १९२९ मध्ये इथे प्रभात फिल्म कंपनी काढली, जी १९३३ ला पुण्याला गेली. तिच्या आवारात आज एफटीआयआय, म्हणजे फिल्म इन्स्टिट्यूट, आहे. खरी कॉर्नरला कॅमेऱ्याचा स्तंभ आहे, एकदा बघून या. सांगायचं कारण एवढंच की इथल्या साठीपुढच्या माणसाला कॅमेऱ्याबद्दल विचारलं तर तो हसत नाही, खुर्ची देतो.

सोबती शोधायचे तर दसरा चौकातल्या शाहू स्मारक भवनाच्या कलादालनावर लक्ष ठेवा, तिथे चित्रांची आणि फोटोंची प्रदर्शनं लागतात. शेवटच्या दिवशी संध्याकाळी जा, तेव्हा मांडणारे निवांत असतात. कलामहाविद्यालयांतल्या शिक्षकांना भेटा, एखाद्याकडे बंद पडलेली डार्करूम असते आणि ती उघडायला निमित्त हवं असतं. १९ ऑगस्टला जागतिक छायाचित्रण दिन असतो, गावोगावच्या फोटोग्राफर संघटना त्या दिवशी एकत्र जमतात. एका सकाळी पन्नास स्टुडिओवाले एका छताखाली! महिनाभराची वणवण वाचते. जाताना गळ्यात रोलचा कॅमेरा हवा, ओळखपत्रापेक्षा तो जास्त चालतो.

एनलार्जर कोणी देऊ केला तर आधी त्याची लेन्स बघा, मग घरातली जागा, मग घरच्यांचा चेहरा.

पावसाळा

इथला पाऊस जूनपासून भिंतीतून आत येतो. कॅमेरे कातडी केसमध्ये ठेवू नका, बुरशीचं माहेरघर तेच. घट्ट झाकणाचा प्लॅस्टिकचा डबा, तळाशी सिलिका जेल, रंग बदलला की कढईत मंद भाजून परत वापरायचं. न वापरलेले रोल फ्रिजमध्ये, दोन पिशव्यांत, आणि वापरायच्या आधी तीन-चार तास बाहेर न उघडता, नाहीतर थंड रोलवर दव धरतं. निगेटिव्ह प्लॅस्टिकच्या साध्या पिशवीत नको, ती चिकटते. बटरपेपरच्या पट्ट्यांत ठेवा आणि फाइल वरच्या फळीवर, खालच्या नाही. २०१९ च्या पुरात अनेक घरांच्या तळमजल्यांत पाणी शिरलं होतं. त्या स्टुडिओवाल्या वहिनींकडच्या पंचवीस वर्षांच्या निगेटिव्ह खालच्या कपाटात होत्या. भिजलेल्या पट्ट्या वाळू द्यायच्या नसतात, ओल्या ठेवून स्वच्छ पाण्यात सोडवायच्या असतात. ते त्यांना कोणी वेळेवर सांगितलं नाही, आणि वाळल्यावर सगळ्या एकमेकींना चिकटून वीट झाली. ती वीट त्यांनी अजून टाकलेली नाही.